कंपास, पट्टी आणि बुध : गुरुत्वाकर्षणापासून केप्लरच्या नियमांपर्यंत भूमितीच्या वाटेनं

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात केप्लरचे तीन नियम येतात. मग कक्षा वर्तुळाकार धरून तिसऱ्या नियमावरून गुरुत्वाकर्षणाचा व्यस्त वर्गाचा नियम काढून दाखवतात. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, उलट करून दाखव ना. सूर्य अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढतो एवढंच माहीत आहे असं समज. मग कक्षा लंबवर्तुळच का होते? अंड्यासारखी का नाही?"

जवळजवळ हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली ऑगस्ट १६८४ मध्ये केंब्रिजला जाऊन न्यूटनला विचारून आला होता. न्यूटननं लगेच सांगितलं, लंबवर्तुळ. पण केलेलं गणित त्याला कागदांत सापडलं नाही. नोव्हेंबरात त्यानं ते पुन्हा लिहून पाठवलं आणि त्यातूनच १६८७ ची 'प्रिन्सिपिया' उभी राहिली. हे उत्तर आज बहुतेकांना कॉलेजात कॅल्क्युलसमधून मिळतं. पण त्याला भूमितीची एक वाट आहे, आणि दहावीपर्यंतची भूमिती ज्यानं मन लावून केली आहे त्याला ती पुरते. समांतर रेषा, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, लंबदुभाजक आणि समरूप त्रिकोण, एवढीच शिदोरी हवी. मी ही वाट बुधाला सोबत घेऊन दाखवतो, कारण बुधाच्या कक्षेत सूर्य मध्यापासून पुरेसा बाजूला आहे आणि त्याचे आकडे साध्या कागदावर छान बसतात.

सामान: कंपासपेटी, दोन-तीन कोरे कागद, एक मोठा ट्रेसिंग पेपर आणि तासभर शांत वेळ.

पहिली पायरी : समान वेळात समान क्षेत्रफळ

कागदावर सूर्यासाठी 'स' बिंदू घ्या. ग्रह 'अ' पाशी आहे आणि एका ठरावीक वेळात तो सरळ रेषेत 'ब' पर्यंत जातो. सूर्यानं ओढलंच नसतं तर पुढच्या तेवढ्याच वेळात तो त्याच रेषेत तेवढंच अंतर पुढे, म्हणजे 'ट' पर्यंत गेला असता. त्रिकोण सअब आणि सबट पाहा. दोघांचे पाये सारखे आणि एकाच रेषेवर, 'स' पासूनची उंचीही एकच. म्हणून क्षेत्रफळं सारखी.

आता 'ब' पाशी सूर्य ग्रहाला एक झटका देतो. हा झटका बस या रेषेच्या दिशेनंच असणार. त्यामुळे ग्रह 'ट' ला न पोचता 'ठ' ला पोचतो, आणि टठ ही रेषा बस ला समांतर असते. मग त्रिकोण सबट आणि सबठ यांचा पाया सब हा एकच, आणि त्यांचे शिरोबिंदू त्या पायाला समांतर असलेल्या रेषेवर. त्यांचीही क्षेत्रफळं सारखी. म्हणजे सअब आणि सबठ सारखे. झटके हवे तितके बारीक आणि जवळजवळ घ्या, तुटक रेषेची गुळगुळीत कक्षा होते, आणि क्षेत्रफळाची समानता तशीच टिकते.

ग्रह-सूर्य रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ कापते, हा केप्लरचा दुसरा नियम इथे सिद्ध झाला. झटका किती मोठा होता हे आपण कुठेच विचारलं नाही, याकडे नीट लक्ष द्या. ओढ केंद्राच्या दिशेनं असली की झालं. ती अंतरानुसार कशीही बदलो, हा नियम खराच राहतो. व्यस्त वर्गाचं काम पुढच्या पायरीपासून सुरू होतं.

दुसरी पायरी : समान वेळ सोडा, समान कोन धरा

सगळ्या सिद्धतेत मला सर्वांत जास्त आवडणारी जागा ही आहे, आणि बहुतेक जण अडखळतात तेही इथेच. म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्या पायरीत आपण कक्षेचे समान वेळांचे तुकडे केले. आता सूर्यापाशी समान कोन होतील असे तुकडे करा, समजा १०-१० अंशांचे. सूर्याजवळ असताना हे तुकडे आखूड असतील, दूर असताना लांब. १० अंशांच्या निमुळत्या तुकड्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, कारण अंतर दुप्पट झालं की तुकड्याची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात. क्षेत्रफळ ठरावीक दरानं कापलं जातं हे आपण आत्ताच पाहिलं. तेव्हा १० अंश फिरायला लागणारा वेळही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात.

दुसरीकडे, ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. वेगात पडणारा फरक म्हणजे ओढ गुणिले वेळ. एक वर्गानं वाढतं, दुसरं वर्गानंच घटतं. गुणाकार कायम राहतो!

बुधावर हे तपासू. उपसूर्य बिंदूपाशी (सर्वांत जवळ असताना) बुध सूर्यापासून ४६ दशलक्ष किमी असतो, अपसूर्य बिंदूपाशी (सर्वांत दूर असताना) ६९.८ दशलक्ष किमी. अंतरांचं गुणोत्तर सुमारे १.५२, त्याचा वर्ग २.३. जवळ असताना १० अंश फिरायला बुधाला दीड दिवसाहून किंचित जास्त लागतो, दूर असताना साडेतीन दिवसांहून थोडा जास्त. म्हणजे जवळ असताना सूर्य २.३ पट जोरानं ओढतो, पण त्या १० अंशांत त्याला वेळ २.३ पट कमी मिळतो. दोन्हीकडे वेगात पडणारा फरक सारखाच, सेकंदाला सुमारे ८.५ किमी.

ओढ घनाच्या व्यस्त प्रमाणात असती किंवा नुसत्या अंतराच्या, तर हा मेळ जुळला नसता. पुढचं सगळं या एका जुळणीवर उभं आहे.

तिसरी पायरी : वेगांचं वर्तुळ

आता ग्रहाची जागा विसरा आणि फक्त त्याचा वेग काढा. एक बिंदू 'म' घ्या, म म्हणजे मूळ. प्रत्येक टप्प्यावर ग्रहाचा वेग जेवढा आणि ज्या दिशेला, तेवढा आणि त्या दिशेला 'म' पासून बाण काढायचा. सगळे बाण एकाच जागेतून निघतात, टोकं मात्र वेगवेगळी. एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंतची रेषा म्हणजे त्या टप्प्यात वेगात पडलेला फरक.

या फरकांबद्दल आपल्याला दोन गोष्टी माहीत आहेत. प्रत्येकाची लांबी सारखी (दुसरी पायरी). प्रत्येकाची दिशा सूर्याकडे. आणि ग्रह सूर्याभोवती १० अंश सरकला की सूर्याकडची दिशाही १० अंशच वळते. सारख्या लांबीच्या बाजू, आणि प्रत्येक कोपऱ्यावर सारखंच वळण: ही ३६ बाजूंची सुसम बहुभुजाकृती झाली. टप्पे बारीक करत गेलात की तिचं वर्तुळ होतं.

ग्रहाची कक्षा वर्तुळ नसली तरी त्याच्या वेगांच्या टोकांची वाट अचूक वर्तुळ असते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृतीकडे नुसता बघत बसलो होतो. गणितज्ञ विल्यम हॅमिल्टननं १८४६ मध्ये या वक्राला होडोग्राफ हे नाव दिलं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १३ मार्च १९६४ रोजी अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर जी सिद्धता मांडली, तीही याच वर्तुळावरून जाते.

बुधाचं वर्तुळ काढू. प्रमाण: १ सेंमी म्हणजे सेकंदाला ५ किमी. बुधाचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला ५९ किमी, सर्वांत कमी ३८.९ किमी. हे दोन बाण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असतात, म्हणून वर्तुळाचा व्यास त्यांच्या बेरजेएवढा. त्रिज्या येते ४८.९, कागदावर ९.८ सेंमी. केंद्र 'म' पासून सरकतं ते दोन्हींच्या फरकाच्या निम्म्यानं, म्हणजे १०, कागदावर २ सेंमी. कागदाच्या मध्याशी 'म' बिंदू घ्या, त्याच्या बरोबर वर २ सेंमीवर 'क' घ्या, आणि 'क' केंद्र धरून ९.८ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. ए-फोर कागदावर ते जेमतेम मावतं. 'म' पासून वरचं टोक ११.८ सेंमीवर, खालचं ७.८ सेंमीवर. पाचानं गुणून पाहा.

ग्रह सूर्याच्या उजवीकडे, उपसूर्य बिंदूपाशी असताना त्याचा वेग वरच्या दिशेला, म्हणजे बाणाचं टोक वर्तुळाच्या माथ्यावर. तिथून ग्रह सूर्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं जेवढे अंश फिरेल, तेवढेच अंश हे टोकही 'क' भोवती फिरेल. पुढची पायरी या ओळीवर बेतलेली आहे. कोन 'क' पाशी मोजायचा, 'म' पाशी नाही. भाचीची पहिली आकृती इथेच बिघडली, आणि खरं सांगायचं तर पूर्वी माझीही.

चौथी पायरी : वर्तुळातून लंबवर्तुळ

कागद घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा. माथा आता उजवीकडे आला आणि 'क' हा 'म' च्या उजवीकडे. असं फिरवल्यानं दोन गोष्टी साधतात. 'क' पासून वर्तुळावरच्या 'प' बिंदूकडे (वेगाच्या बाणाच्या टोकाकडे) जाणारी त्रिज्या आता सूर्याकडून ग्रहाकडे जाणाऱ्या रेषेला समांतर झाली. आणि वेगाचे सगळे बाणही पाव फेरा वळल्यामुळे ग्रहाच्या खऱ्या गतीची दिशा मप या रेषेला लंब झाली.

मप चा लंबदुभाजक काढा. तो त्रिज्या कप ला जिथे छेदेल त्या बिंदूला 'ग' म्हणा. लंबदुभाजकावरचा कोणताही बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून गम = गप. मग कग + गम = कग + गप = कप. आणि कप तर वर्तुळाची त्रिज्या, कधीच न बदलणारी. 'प' वर्तुळावर कुठेही घ्या, 'ग' ची 'क' आणि 'म' पासूनच्या अंतरांची बेरीज तीच राहते. दोन टाचण्या आणि दोऱ्याचा फास घेऊन आपण शाळेत काढायचो तेच हे लंबवर्तुळ. 'क' आणि 'म' त्याच्या नाभी.

पण हे लंबवर्तुळ ग्रहाच्या कक्षेचंच, हे कशावरून? त्या लंबदुभाजकावर 'ग' सोडून दुसरा कोणताही बिंदू घ्या. त्याची 'म' पासूनची आणि 'प' पासूनची अंतरं सारखीच, पण 'क' कडून 'प' कडे जाणारा सरळ रस्ता आता मोडला, म्हणून अंतरांची बेरीज कप पेक्षा जास्त. म्हणजे तो बिंदू लंबवर्तुळाच्या बाहेर. लंबदुभाजक लंबवर्तुळाला फक्त 'ग' पाशी टेकतो. तो तिथली स्पर्शिका आहे. आणि तो मप ला लंब असल्यामुळे त्याची दिशा ही ग्रहाच्या गतीची दिशा. 'क' ला सूर्य माना. सूर्याकडून कोणत्याही दिशेला पाहिलं तर त्या दिशेला ग्रह ज्या बाजूला चाललेला असतो, त्याच बाजूला आपलं लंबवर्तुळही चाललेलं आहे. प्रत्येक दिशेला पुढे कुठे वळायचं हे ठरलं की वाटेचा आकार ठरतो, उरतं फक्त लहान-मोठेपण. म्हणून कक्षा लंबवर्तुळ, आणि वेगवर्तुळाचं केंद्र जिथे होतं त्या नाभीवर सूर्य: हाच केप्लरचा पहिला नियम. दुसरी नाभी रिकामी.

हे हातानं अनुभवायचं असेल तर ट्रेसिंग पेपरवर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून कापून घ्या. केंद्रापासून ६ सेंमीवर पेनानं ठळक 'म' ठिपका द्या. आता वर्तुळाची कड आत दुमडून बरोबर त्या ठिपक्यावर आणा आणि नखानं घडी पक्की करा. उलगडा, कडेवरचा थोडा पुढचा बिंदू घ्या, पुन्हा दुमडा. प्रत्येक घडी म्हणजे एक लंबदुभाजक. दहा-बारा घड्यांपर्यंत कागद नुसता चुरगळलेला दिसतो. विशीच्या पुढे मध्यभागी एक गुळगुळीत पोकळी उमटायला लागते, आणि चाळीस घड्यांनी लंबवर्तुळ स्पष्ट उभं राहतं. खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरा. भाचीनं तो कागद अजून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवला आहे.

ठिपका ६ सेंमीवर का, बुधासारखा २ सेंमीवर का नाही? कारण २ सेंमीवर घेतला तर येणारं लंबवर्तुळ डोळ्यांना वर्तुळच वाटतं. बुधाच्या आकृतीत त्याची लांबी ९.८ सेंमी आणि रुंदी ९.६ सेंमी येते, फरक २ मिलिमीटरचा. सूर्य मात्र मध्यापासून चांगला १ सेंमी बाजूला असतो. पुस्तकांतल्या लांबुळक्या कक्षा पाहून आपली समजूत इथे चुकते: ग्रहांच्या कक्षा दिसायला जवळजवळ गोलच आहेत, सूर्य मधोमध नाही एवढंच ठळकपणे दिसतं. मंगळाच्या कक्षेची रुंदी लांबीपेक्षा अर्ध्या टक्क्यानंही कमी नाही. टायको ब्राहे या खगोल निरीक्षकाच्या नोंदी आणि गणित यांत मंगळाच्या जागेचा ८ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव भागाचा, एवढ्यावरून केप्लरनं जुनं गणित टाकून दिलं आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जाहीर केलं. हे किती धाडसाचं होतं ते ही २ मिलिमीटरची आकृती स्वतः काढल्यावर कळतं.

'म' सरकवून पाहा

'म' बरोबर 'क' वर असेल तर वेग सगळीकडे सारखा आणि कक्षा वर्तुळ. 'म' कडेकडे सरकेल तसं लंबवर्तुळ निमुळतं होतं. हॅलीच्या धूमकेतूचा वेग सूर्याजवळ सेकंदाला सुमारे ५४.५ किमी आणि दूरच्या टोकाला जेमतेम ०.९ किमी, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या २७.७ आणि 'म' केंद्रापासून २६.८ वर, अगदी कडेला चिकटून. 'म' कडेवरच आला तर एका दिशेला वेग शून्य होतो, तो अनंत अंतरावर: कक्षा अन्वस्त (पॅराबोला). 'म' बाहेर गेला की अपास्त (हायपरबोला), पाहुणा परत येत नाही. २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेल्या ओउमुआमुआचा 'म' असाच बाहेर होता.

पाचवी पायरी : तिसरा नियम

इथे थोडं गुणाकाराचं काम आहे. सूर्याची ओढ म्हणजे एक ठरावीक संख्या 'ख' भागिले अंतराचा वर्ग. ही 'ख' सगळ्या ग्रहांना एकच. ग्रह-सूर्य रेषा दर सेकंदाला जेवढं क्षेत्रफळ कापते त्याच्या दुपटीला 'द' म्हणू. लहान कोन फिरायला लागणारा वेळ = अंतराचा वर्ग × कोन ÷ द. ओढीनं गुणलं की वेगातला फरक = ख × कोन ÷ द. वर्तुळावर हाच फरक म्हणजे त्रिज्या × कोन. म्हणून त्रिज्या × द = ख.

लंबवर्तुळाच्या लांबीची मधली रेषा म्हणजे बृहदक्ष, रुंदीची म्हणजे लघुअक्ष. आता ग्रह लघुअक्षाच्या टोकाशी असतानाची स्थिती घ्या. अर्ध्या बृहदक्षाची लांबी 'ल', अर्ध्या लघुअक्षाची 'र', आणि त्या ठिकाणचा वेग 'व'. तिथे स्पर्शिका बृहदक्षाला समांतर असते, म्हणून सूर्यापासून तिचं लंबांतर र, आणि द = व × र. आकृतीत या क्षणी मप ही मक ला लंब असते. काटकोन त्रिकोण मकप आणि कक्षेचा मध्य, सूर्य व ग्रह यांचा काटकोन त्रिकोण समरूप आहेत. दुसऱ्याचा कर्ण ल आहे, कारण लघुअक्षाच्या टोकापासून दोन्ही नाभी सारख्याच अंतरावर. म्हणून व ÷ त्रिज्या = र ÷ ल, म्हणजे त्रिज्या = व × ल ÷ र. द नं गुणा: ख = व × व × ल.

लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ π × ल × र, आणि दर सेकंदाला कापलं जातं ते व × र ÷ २. भागाकार करताना र उडून जातो, आणि एका फेरीचा काळ येतो २ × π × ल ÷ व. कक्षा कितीही चपटी असो, काळ फक्त लांबीवर ठरतो! व च्या वर्गाऐवजी ख ÷ ल घाला: काळाचा वर्ग ल च्या घनाच्या प्रमाणात. केप्लरनं १६१९ मध्ये प्रसिद्ध केलेला तिसरा नियम हाच.

आता बुधाच्या कागदाकडे परत या. 'म' मधून मक ला लंब रेषा काढून ती वर्तुळाला जिथे मिळते तिथपर्यंत मोजा. माझ्या पट्टीवर ९.६ सेंमी भरतात, म्हणजे सेकंदाला ४८ किमी. ल हे ४६ आणि ६९.८ ची सरासरी, ५७.९ दशलक्ष किमी. २ × ३.१४१६ × ५७.९ दशलक्ष ÷ ४८ = सुमारे ७५.८ लाख सेकंद. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं तर ८७.७ दिवस. बुधाचं खरं वर्ष ८७.९७ दिवसांचं आहे.

ख तपासायचा तर ४८ × ४८ × ५७.९ = सुमारे १,३३,४००. पृथ्वीसाठी २९.८ × २९.८ × १४९.६ = सुमारे १,३२,८५०. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही, आणि आहे तोही पट्टीनं मोजण्यातला.

मंगळ तुमच्यासाठी ठेवतो. त्याचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला २६.५ किमी, सर्वांत कमी २२ किमी, अर्धा बृहदक्ष २२७.९ दशलक्ष किमी. प्रमाण १ सेंमीला २.५ किमी घ्या. 'म' आणि 'क' यांच्यात फक्त ९ मिलिमीटर येतील, तेव्हा पेन्सिल टोकदार ठेवा. वर्ष ६८७ दिवसांच्या आसपास यायला हवं.